‘घरच्यासारखी’ नको, कामगार म्हणा

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडवरची नवी अपार्टमेंट, कुठंही जा. घरात लहान मूल असलं आणि आईबाप दोघं नोकरीला असले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत हो." बोलणारी ताई खोटं बोलत नसते. तिला मनापासून तसं वाटत असतं. म्हणूनच या वाक्याची चिरफाड करणं गरजेचं आहे.

घरच्यासारख्या म्हणजे नेमक्या कोण? घरच्या माणसाला घरात वाटणी असते. घरचं माणूस आजारी पडलं तर त्याचा त्या दिवसाचा खाडा धरत नाहीत. घरच्या माणसाला एक तारीख उलटून आठ झाली तरी "ताई, पगाराचं तेवढं बघा की" म्हणत दाराशी उभं राहावं लागत नाही. आणि घरच्या माणसाला "आता बाळ शाळेत जायला लागलं, उद्यापासून येऊ नका" असं फोनवर सांगून मोकळं होता येत नाही. तेव्हा मावशी घरच्या नाहीत, हे उघड आहे. मग त्या कामगार आहेत का? असं विचारलं की लगेच समोरचा चेहरा बदलतो. "कामगार काय, अहो, आम्ही त्यांना कधी तसं वागवलंच नाही!" म्हणजे घरच्या माणसाचे हक्क नाहीत आणि कामगाराचेही नाहीत. या दोन्हींच्या मधली जी बिननावाची जागा आहे, तिथं आपल्या वस्तीतल्या शेकडो बाया रोज उभ्या आहेत.

आधी काम काय आहे ते बघू. आमच्या परिचयातल्या एका ताई सकाळी साडेआठला पोचतात आणि संध्याकाळी सातला निघतात. साडेदहा तास. मूल सव्वा वर्षाचं. त्याला अंघोळ, भरवणं, झोपवणं, शी-शू, औषधाच्या वेळा, दुपारी ते झोपलं की त्याचे कपडे, बाटल्या उकळणं, आणि "एवढं झालंच आहे तर" भाज्या निवडून ठेवणं. पगार सात हजार. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दिवसाला २६९ रुपये, तासाला साधारण साडेपंचवीस. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे माती उचलण्यापेक्षा माणसाचं मूल उचलणं या शहरात स्वस्त आहे. आणि मातीच्या कामाला निदान हजेरीपट असतो.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला ‘भावनिक श्रम’ नावाची संकल्पना शिकवली होती. हवाई सुंदरीला पगारासाठी हसावं लागतं, हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. आमच्या ताईंना तर पगारासाठी माया करावी लागते, आणि ती खरी करावी लागते, कारण मुलाला खोटी माया कळते. शिवाय ती जास्तही करून चालत नाही. मूल आईकडं जायला रडायला लागलं की आईला ते खुपतं आणि मावशीची नोकरी जाते. हे कसब कुठल्या वेतनश्रेणीत बसतं?

आता कायद्याची दारं ठोठावू.

देशात चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातली औद्योगिक संबंध संहिता काढा. ‘उद्योग’ म्हणजे काय याची व्याख्या तिथं लांबलचक दिली आहे आणि मग त्यातून काय वगळलं हे सांगितलं आहे. धर्मादाय संस्था वगळल्या, सरकारची सार्वभौम कामं वगळली, आणि तिसरं: घरगुती सेवा. कुठलीही घरगुती सेवा. म्हणजे मावशींना एका फोनवर काढलं, पगार बुडवला, तर तो ‘औद्योगिक विवाद’ होत नाही. त्यांच्यासाठी कामगार न्यायालय नाही, तडजोड अधिकारी नाही, नुकसानभरपाई नाही. आता दुसरी संहिता काढा, सामाजिक सुरक्षेची. तिथं ‘वेतनी कामगार’ या व्याख्येत कुटुंबांनी कामाला ठेवलेले, घरेलू कामगारांसह, असं स्पष्ट लिहिलं आहे. २००८ च्या असंघटित कामगार कायद्यातही ते होतंच. एकाच संसदेने एकाच बाईला एका पुस्तकात कामगार म्हटलं आणि दुसऱ्या पुस्तकातून हाकललं. का? कारण पहिल्या ठिकाणी कामगार म्हटल्याने कुणाचं काही जात नाही. योजना जाहीर करायची, कार्ड द्यायचं, फोटो काढायचा. दुसऱ्या ठिकाणी कामगार म्हटलं की समोर मालक उभा करावा लागतो. आणि तो मालक म्हणजे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, अधिकारी, आमदार. कायदा लिहिणारा आणि वाचणारा तोच.

सरकारला ‘घर हे कामाचं ठिकाण’ असं लिहिता येत नाही, असं कुणी म्हणेल तर त्याला २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा दाखवा. त्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घर आहे. घरेलू कामगाराची व्याख्या आहे: रोख असो वा वस्तूच्या रूपात, मोबदला घेऊन, थेट किंवा एजन्सीमार्फत, कायम, तात्पुरतं, अर्धवेळ वा पूर्णवेळ घरकाम करणारी स्त्री. आणि मालकाची व्याख्या तर आम्हाला फारच आवडते. जी व्यक्ती किंवा जे कुटुंब घरेलू कामगाराला कामाला ठेवतं, किंवा त्या कामाचा लाभ घेतं, ते मालक. बघा, किती सरळ आहे! वाक्य तयार आहे, संसदेने मंजूर केलेलं आहे. मग बाईचा विनयभंग झाला तरच तिचं घर कामाचं ठिकाण होतं, आणि तिचा पगार बुडाला की तेच घर पुन्हा खाजगी होतं, हा कुठला न्याय?

शासनाच्या दुसऱ्या एका खात्याकडं मात्र या बाईची नोंद जरूर मिळते. पोलिसांकडं. घरनोकराच्या पडताळणीचा अर्ज असतो, त्यावर फोटो असतो, पत्ता असतो. घरातली अंगठी सापडेना की पहिला संशय कुणावर जातो हे सांगायला नको. संभाव्य चोर म्हणून नोंद आहे, कामगार म्हणून नाही.

यावर सोलापूरकरांनी तरी "घरात बसून होणाऱ्या कामाला कायदा कसा लागू होणार?" असं विचारू नये. या शहराला त्याचं उत्तर साठ वर्षांपूर्वी मिळालं आहे. विडीचा धंदा आठवा. बाया कारखान्यातून पानं-तंबाखू आणायच्या आणि घरात, उंबऱ्यावर, गल्लीत बसून विड्या वळायच्या. कारखानदारांचं म्हणणं तेव्हा हेच होतं: बाई तिच्या घरात बसते, तिच्या वेळेने काम करते, मी तिचा मालक कसा? १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने हे म्हणणं उडवून लावलं. घरी बसून विडी वळणारीही कामगारच, असं व्याख्येत लिहिलं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये हरले. पुढं घरखेपेच्या विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधीसुद्धा लागू आहे हे न्यायालयाने मान्य केलं. हे सगळं आपोआप झालं नाही. लाल बावट्याच्या युनियनने रस्त्यावर उतरून ते राबवून घेतलं, आणि आमचे त्यांच्याशी वैचारिक मतभेद असले तरी हे श्रेय त्यांचं आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची विडी कामगारांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते ती घरं दिली गेली. रे नगरची पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींनी दिली. कामगार म्हणून नोंद होती म्हणून हे शक्य झालं. ज्याची नोंदच नाही त्याच्या नावाने घरकुल कोण बांधणार?

विडीत सगळं गोडगोड होतं असं आम्ही म्हणत नाही. विड्या नापास करून मजुरी कापणं, तंबाखूने पोखरलेली फुप्फुसं, हे आमच्या डोळ्यांसमोर आहे. पण आता जे घडतंय ते बघा. आईने तीस वर्षं विड्या वळल्या. तिच्याकडं ओळखपत्र आहे, फंडाचा नंबर आहे, थोडीथोडकी का होईना पेन्शन आहे. लेक म्हणते, मला तंबाखूत हात घालायचा नाही. ती रिक्षाने शहरात येते आणि साहेबांच्या घरी बाळ सांभाळते. स्वच्छ घर, पंखा, टीव्ही, चहा. दिसायला वरची पायरी. कायद्याच्या हिशेबाने मात्र आई कामगार होती आणि लेक कुणीच नाही.

महाराष्ट्र शासन म्हणेल, आम्ही २००८ ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला की. केला. मंडळ बसायला २०११ उजाडलं, आणि पुढं कितीतरी वर्षं ते सदस्यांविना कागदावरच राहिलं. पण कायदा चांगला राबवला असता तरी काय मिळालं असतं? त्या कायद्यात कल्याण आहे, हक्क नाही. अंत्यविधीला मदत, बाळंतपणाला मदत, पंचावन्न वर्षं झाल्यावर दहा हजारांचं सन्मानधन. मेल्यावरचे पैसे कायद्यात आहेत, जगतानाचा पगार नाही. किमान वेतन, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, काढून टाकण्याआधीची सूचना यांतलं काहीही नाही. मालकावर तर या कायद्याने काडीचीही जबाबदारी टाकलेली नाही. नोंदणीच्या वेळी त्याच्याकडून एक सही हवी असते, तेवढाच काय तो संबंध. आणि ती सही मागायला गेलेल्या बाईला काय ऐकावं लागतं? "हे सही-बिही कशाला? उद्या काय भानगड होईल कुणाला ठाऊक." आमच्या शिबिरात अर्ज भरून घेतले की निम्मे अर्ज इथंच अडतात. ज्या घरात बाळ चोवीस महिने तिच्या कडेवर वाढलं, त्या घराचा तिच्यावर एका सहीइतका विश्वास नसतो.

कोरोनात या सगळ्याचा निकाल लागला. एप्रिल २०२१ मध्ये शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. नोंदणीकृत! आमच्या गल्लीत ज्यांची कामं मार्च २०२० लाच सुटली होती, त्यातल्या बहुतेकींना नोंदणी हा शब्दच तेव्हा कळला.

शेजारी बघा. अक्कलकोट तालुका संपला की कर्नाटक. त्या राज्याने २००४ मध्येच घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं. तिथली अंमलबजावणी कच्ची आहे, हे आम्ही जाणतो. पण कलबुर्गीतल्या बाईला निदान "सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा मला कमी देता" असं म्हणायला तोंड आहे. सोलापुरातल्या बाईला ते वाक्य उच्चारायचीही सोय नाही, कारण दरच ठरलेला नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणून आपण छाती किती फुगवायची?

बाबासाहेबांचं नाव घेतलं की काही जण म्हणतात, "प्रत्येक गोष्टीत बाबासाहेब कशाला?" इथं ते आहेतच, म्हणून. महार वतन म्हणजे काय होतं? कामाची यादी नाही. वेळ नाही. दिवसा-रात्री केव्हाही बोलावणं आलं की जायचं. स्वतः जाता आलं नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं, कारण बांधलेलं एक माणूस नव्हतं, अख्खं घर होतं. काम सरकारचं आणि मोबदला म्हणून गावाने टाकलेलं बलुतं, तेही दिलं तर दिलं. आणि वर हा ‘मान’ आहे, ‘हक्क’ आहे अशी समजूत. मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते नेमकं यावर होतं. काम कोणतं ते ठरवा, मोबदला रोखीत द्या, देणारा कोण ते स्पष्ट करा. त्यासाठी त्यांना आपल्याच माणसांची समजूत घालावी लागली, कारण वतन सुटलं तर भाकरी सुटेल ही भीती होती. ती वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं.

आता मावशींचं काम या मापाने मोजा. कामाची यादी नाही: बाळ सांभाळायला ठेवलं आणि भाजी निवडण्यापर्यंत गेलं. वेळ नाही: "आज मीटिंग लांबली, थांबाल ना?" आजारी पडलं तर बहिणीला नाहीतर लेकीला पाठवायचं. आणि मोबदल्याचा एक भाग उरलेली भाजी, जुनी साडी, दिवाळीला डबा. देणाऱ्याच्या मनावर. नाव फक्त बदललं आहे. पूर्वी ‘वतनदार’ म्हणून फसवलं, आता ‘घरच्यासारखी’ म्हणून फसवतात.

आणि जात? ती तर पहिल्या दिवशी विचारली जाते. थेट नाही, "आडनाव काय तुमचं? माहेर कुठलं?" अशी. बाळाला कडेवर घ्यायला, त्याची शी धुवायला कुणीही चालतं. स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावायचा म्हटलं की चौकशी वाढते. २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी स्वयंपाकाच्या बाईंनी जात लपवून सोवळं मोडलं म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. ती बाई दलितही नव्हती, मराठा होती. विज्ञानाची पदवी आणि सोवळं एकाच घरात सुखाने नांदतं. लिखित करार नसणं हे जातीच्या फार सोयीचं असतं. कागदावर ‘जात’ असा रकाना टाकता येत नाही, तोंडी बोलीत टाकता येतो.

इथपर्यंत आपले वाचक माना डोलावत असतील. आता आपल्याच घरातलं बोलू.

डिसेंबर २०१३ आठवतो? न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ तारखेला अटक झाली. आपल्या समाजातली, महाराष्ट्रातली, परराष्ट्र सेवेत गेलेली लेक. तिची अंगझडती घेतली गेली, तिला सामान्य गुन्हेगारांसोबत ठेवलं गेलं. त्याचा निषेध व्हायलाच हवा होता आणि तो झाला. दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरचे कठडे हटवले गेले, इथं निदर्शनं झाली. त्या निषेधातला एक शब्दही आम्ही आज मागं घेत नाही.

पण खटला कशाबद्दल होता? मुलं आणि घर सांभाळायला भारतातून नेलेल्या बाईच्या पगाराबद्दल. अमेरिकी सरकारी वकिलांचा आरोप असा की व्हिसासाठी दाखवलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर लिहिले होते. आणि बाजूला दुसरा करार होता, महिना तीस हजार रुपयांचा, जो त्यांच्या हिशेबाने तासाला ३.३१ डॉलर पडत होता. त्या दुसऱ्या करारात कामाचे तास किती हेच नव्हतं, असंही आरोपपत्रात होतं. आरोप खरे की खोटे, हे न्यायालयात ठरलंच नाही. राजनैतिक संरक्षणामुळं खोब्रागडे जानेवारी २०१४ मध्ये भारतात परतल्या. त्या दोषी होत्या असं म्हणायचा अधिकार आम्हाला नाही, आणि आम्ही म्हणतही नाही.

आम्हाला खुपतं ते वेगळंच. त्या दोन महिन्यांत आपल्याकडच्या सभांत, लेखांत, चहाच्या टपरीवर त्या दुसऱ्या बाईबद्दल काय बोललं गेलं? "मोलकरणीने फसवलं." "अमेरिकेत राहायला मिळावं म्हणून नाटक केलं." "तीस हजार काय कमी आहेत?" हे शेवटचं वाक्य तर आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं. ज्या माणसांनी आयुष्यभर "अमुक जातीला एवढं पुष्कळ झालं" हे ऐकून घेतलं, त्यांनीच ते वाक्य उचललं आणि एका कामवाल्या बाईला लावलं. तिला कामगार म्हणायला अमेरिकेचा कायदा लागला. इथं असती तर ती कोण होती? ‘घरच्यासारखी’.

हा प्रश्न आता न्यूयॉर्कचा राहिलेला नाही. आपल्यातले शिक्षक, बँकेतले, महापालिकेतले, रेल्वेतले, डॉक्टर, इंजिनीयर जुळे सोलापुरात राहायला गेले. चांगलं झालं. बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, ते शिकले. त्यांच्याही घरी बाळं आहेत आणि त्यांच्याही घरी मावशी येतात. त्या कुठून येतात? बुधवार पेठेतून, रामवाडीतून, आपल्याच नात्यातून. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, पुस्तकांचं कपाट. आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसून जेवणारी मावशी. ही गोष्ट आम्ही एकदा नाही, पुष्कळ घरांत पाहिली. आणखी वाईट म्हणजे गावाकडून आणलेली दहा-बारा वर्षांची पोरगी, "शाळेत पण घालू" या बोलीवर. मुलांना घरकामाला ठेवणं १० ऑक्टोबर २००६ पासून बंद आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. तिथं "घरच्यासारखी" म्हणून सुटका नाही, मग ती तुमच्या आत्याच्या दिराची पोरगी का असेना.

काही जण प्रामाणिकपणे विचारतात, आणि या प्रश्नाला हिणवणं बरोबर नाही: "आम्हालाच किती मिळतात?" शिक्षणसेवक ताईला प्राथमिकला सोळा हजार मानधन, माध्यमिकला अठरा. तिने मावशीला बारा हजार द्यायचे तर स्वतः नोकरी कशाला करायची? खरं आहे. पण या हिशेबातून निघणारं उत्तर "म्हणून मावशीला पाच हजारच" हे नाही. एका बाईच्या नोकरीची तूट दुसऱ्या बाईच्या पोटातून भरून काढायची, आणि ज्याचं मूल त्या बापाचा आणि ज्यांची जबाबदारी त्या सरकारचा हिशेबात उल्लेखच नाही! १९२८ च्या जुलैत मुंबई कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हीच गाठ सोडवली होती: आईच्या विश्रांतीत साऱ्या राष्ट्राचं हित आहे, म्हणून त्याचा मोठा भार शासनाने उचलावा, आणि तिच्या श्रमातून ज्याला लाभ होतो त्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही. पाळणाघर ही चैन नाही. कायदा पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं करतो. सोलापुरातली किती रुग्णालयं, किती कॉलेजं, किती कारखाने ते चालवतात, हे विचारायला आपली युनियन कधी गेली आहे का? अंगणवाडीला पाळणाघर जोडायची केंद्राची योजना आहे; ती प्रत्येक प्रभागात मागितली पाहिजे. फक्त तिथंही डोळे उघडे ठेवा, कारण अंगणवाडीच्या ताईलासुद्धा सरकार कामगार म्हणत नाही, ‘मानसेवी’ म्हणतं. ग्रॅच्युइटी मिळवण्यासाठी त्यांना २०२२ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात भांडावं लागलं. मूल सांभाळणं आलं की पगाराचं मानधन होतं, हा रोग घरापासून मंत्रालयापर्यंत एकच आहे.

"कायदा आणला तर लोक बायका ठेवायचंच बंद करतील" ही दुसरी धमकी. गिरणीत आठ तास आणले तेव्हा गिरण्या बंद पडतील म्हणत होते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांवर आला आणि एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक त्यांनीच मांडलं. गिरण्या त्याने बुडाल्या नाहीत. सोलापूरच्या गिरण्या कुणी बुडवल्या ते सोलापूरला माहीत आहे. आणि बाळाला सांभाळायला माणूस लागतंच, ते बंद कसं करणार? दक्षिण आफ्रिकेत घरकामाला किमान वेतन २००२ पासून आहे. तिथं २०१२ मध्ये एक घरकामगार बाई मालकाच्या जलतरण तलावात बुडून मेली. घरकामगार अपघात भरपाईच्या कायद्यातून वगळलेले होते, म्हणून तिच्या लेकीला भरपाई नाकारली गेली. लेक लढली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या घटनापीठाने ते वगळणं घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडं मावशी जिन्यावरून पडल्या तर प्लास्टरचे पैसे साहेबांच्या मनावर.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांचा करार, क्रमांक १८९, मंजूर केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आणि घरी येऊन त्यावर शिक्का मारला नाही. २९ जानेवारी २०२५ ला न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट हवी का हे तपासायला समिती नेमा, सहा महिन्यांत अहवाल घ्या. त्यानंतर दहा महिन्यांनी श्रमसंहिता लागू झाल्या, आणि ‘घरगुती सेवा वगळून’ हे शब्द जिथं होते तिथंच राहिले.

म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणी संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कुठलाच कायदा नव्हता. संपातून संघटना झाली. नागपुरात विदर्भ मोलकरीण संघटना डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांनी उभी केली. संस्कृतच्या प्राध्यापिका, ब्राह्मण घरात जन्मलेल्या, पुढं धम्माचा स्वीकार केलेल्या. त्यांना जे दिसलं ते आपल्या विहारांच्या समित्यांना का दिसू नये? वर्षावासात प्रवचनं भरपूर होतात. सम्यक आजीविका यावर बोलताना भन्तेजी मद्य-मांसाच्या व्यापारावर थांबतात. दुसऱ्याच्या आजीविकेचं काय करतो, हाही त्याच अंगाचा भाग आहे असं आम्हाला वाटतं.

आमची मागणी राज्य शासनाकडं आहे: घरकामाला, आणि त्यात मूल, वृद्ध व रुग्ण सांभाळण्याला वेगळं नाव घेऊन, किमान वेतनात आणा, २००८ च्या कायद्यात मालकाची तीच व्याख्या घाला जी २०१३ च्या कायद्यात आहे, आणि मंडळाच्या निधीत मालकाचा हिस्सा सक्तीचा करा. नोंदणीला मालकाच्या सहीची अट नको. बाईचं स्वतःचं घोषणापत्र आणि शेजारच्या दोघींची साक्ष पुरे.

आणि आपल्या लोकांकडं मागणी छोटी आहे. आम्ही एक पानाचा कागद तयार केला आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यावर कामाची यादी आहे, येण्या-जाण्याची वेळ आहे, पगार आणि तारीख आहे, ती वेळ उलटली तर तासाचा दर आहे. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, वर्षाच्या पंधरा आजारपणाच्या सुट्ट्या, १४ एप्रिलची सुट्टी, काढायचं झालं तर एक महिना आधी सांगणं किंवा एक महिन्याचा पगार. तुम्ही बाहेरगावी गेलात तर तो तिचा खाडा नाही. जेवण त्याच ताटात आणि त्याच टेबलावर. हे वाक्य छापायची वेळ यावी याची आम्हाला लाज वाटते, पण छापलं आहे. कोऱ्या करारालाही कायद्यात किंमत असते, तोंडी बोलीलाही असते. फरक एवढाच की कागद दाखवता येतो. दोन प्रती, एक त्यांच्याकडं, एक मावशींकडं.

आतापर्यंत जी घरं सहीला तयार झाली त्यातल्या बऱ्याच ताई-दादांना एक गोष्ट खटकते. खाली जिथं त्यांची सही येते तिथं ‘मालक’ असं छापलं आहे. "आम्हाला कसंतरी वाटतं, त्याजागी ‘पालक’ लिहा ना," असं म्हणतात. आम्ही दुसऱ्या खेपेच्या प्रतींवरही ‘मालक’च छापून घेतलं आहे.